नववं औषध

मिरजेतल्या एका रुग्णालयात, पहाटे पाचच्या सुमारास, कॅज्युअल्टीबाहेरच्या बाकड्यावर बसून मी आठ औषधांची यादी केली. औषध कंपनीच्या कुठल्याशा एम.आर.नं दिलेलं छोटं पॅड खिशात होतं. भूल देणाऱ्या डॉक्टर बाईंनी विचारलं होतं, "पेशंट कुठली कुठली औषधं घेतात? सगळी लिहून द्या. तुमचं मेडिकलच आहे म्हणताय, मग तर बरंच झालं." मी लिहिली. बीपीची दोन, प्रोस्टेटचं एक, कोलेस्टेरॉलचं, रक्त पातळ ठेवायचं, थायरॉइडचं, ॲसिडिटीचं आणि शेवटी कॅल्शियम. नाव, डोस, घ्यायची वेळ, सगळं सुवाच्य अक्षरात. बाई कागद बघून म्हणाल्या, "अशी यादी रोज मिळाली तर काय हवं!"

यादीत नववं औषध नव्हतं. मी ते विसरलो नव्हतो.

पेशंट म्हणजे माझे धाकटे चुलते, आमचे अप्पा. वय 77. रात्री तीनला मोरीकडं जायला उठले, चार पावलं टाकली आणि उंबऱ्याशी कोसळले. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. गेले दोन महिने ते रोज झोपताना क्वेटियापिनची एक गोळी घेत होते. ती त्यांना कुठल्याही डॉक्टरनं लिहून दिलेली नव्हती. मी दिली होती. आणि तीच गोळी मी स्वतः दीड वर्ष घेत होतो.

क्वेटियापिन हे स्किझोफ्रेनिया, बायपोलर अशा गंभीर मानसिक आजारांवरचं औषध. मला ना अप्पांना असला काही आजार. आम्हाला फक्त झोप येत नव्हती.

*

तासगावात आमचं मेडिकल आहे. वडिलांनी सुरू केलेलं. मी सांगलीला डी.फार्म. करून 1996 पासून काउंटरला उभा आहे. इतकी वर्षं या धंद्यात काढल्यावर औषधाचा धोका माणूस पुस्तकावरनं ओळखत नाही, कपाटावरनं ओळखतो. कुलपातलं ते जपून, फळीवरचं ते सरळ. मार्च 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू झालं तेव्हा ही सवय आणखी पक्की झाली. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही झोपेची नेहमीची औषधं त्या यादीत गेली. त्यातलं काही विकलं की वेगळ्या रजिस्टरला नोंद करायची. डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या. रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. तपासणीला साहेब आले की आधी तेच मागतात.

क्वेटियापिनला ते रजिस्टर लागत नाही. चिठ्ठी लागतेच, पट्टीवर तसं छापलेलंही असतं. पण वेगळी नोंद नाही, हिशेब नाही. यातनं मी माझ्यापुरतं एक गणित मांडलं. रजिस्टर नाही म्हणजे नशा नाही, नशा नाही म्हणजे सवय नाही, सवय नाही म्हणजे धोका नाही. पहिली पायरी बरीचशी खरी होती. त्यापुढं जिनाच नव्हता, तरी मी चढत राहिलो.

रजिस्टर कशासाठी असतं, याचा मी कधी नीट विचारच केला नव्हता. लोक कुठल्या औषधाचा गैरवापर करतील, याची सरकारला असलेली धास्ती त्यात असते. तुमच्या शुगरचं, वजनाचं, रात्री उठताना उतरणाऱ्या बीपीचं काय होईल, हे त्यात कुठं लिहिलेलं असणार?

*

2021 चे एप्रिल-मे आठवा. रेमडेसिव्हिरसाठी माणसं रात्री अकराला शटर वाजवायची. कुणाचा बाप मिरजेला ऑक्सिजनवर, कुणाची बायको बेड मिळेना म्हणून रिक्षात. त्या दोन महिन्यांत माझं काम औषध द्यायचं राहिलं नव्हतं, नाही म्हणायचं झालं होतं. मे महिन्यात आमच्या काकू गेल्या, अप्पांच्या पत्नी. रात्री दोनला माझे डोळे उघडायचे ते उघडेच. पंख्याच्या पात्यांकडं बघत मी शिल्लक मालाचा हिशेब करायचो, आणि मालाच्या हिशेबात अधूनमधून माणसं यायची.

त्याआधी कधीतरी एका एम.आर.नं काउंटरवर कोपर टेकवून सांगितलं होतं, "सर, पंचवीसची. रजिस्टरचं लफडं नाही, हॅबिट नाही. झोपेला एक नंबर." कंपनीचं नाव इथं सांगण्यात अर्थ नाही. त्याचं वाक्य मी बिनातक्रार घेतलं, कारण मला तेच ऐकायचं होतं. जूनमध्ये एका रात्री दुकान बंद करताना मी फळीवरनं एक पट्टी उचलली आणि गल्ल्यात तिचे पैसे टाकले. पैसे टाकले म्हणजे व्यवहार सरळ झाला, असं काहीतरी मनाला वाटलं असावं.

पहिल्या रात्री दगडासारखा झोपलो. सकाळी बायकोनं हलवून उठवलं तेव्हा तोंडाला कोरड, डोकं जड, जिभेवर जाड साय बसल्यासारखी. पण सात तास झोप! महिनाभरात सात तास एकदाही मिळाले नव्हते. मी त्या जडपणाला 'साचलेली झोप निघतेय' असं गोंडस नाव दिलं. तीन महिन्यांत पंचवीसनं भागेना, पन्नास केली. वर्ष व्हायच्या आत शंभरवर गेलो. सवय लागत नाही म्हणून निवडलेल्या गोळीचा डोस मी चौपट केला होता. तरी हिला सवय म्हणायचं माझ्या मनात आलं नाही.

लाज याची वाटते की यातलं काही मला कुणी शिकवायला नको होतं. अभ्यासात होतं. स्किझोफ्रेनियाला ही गोळी दिवसाला 150 ते 750 मिलिग्रॅमच्या घरात द्यावी लागते. पंचवीसच्या डोसाला मेंदूतल्या डोपामाइनवर तिचा फारसा जोर चालत नाही. त्या डोसाला ती मुख्यतः हिस्टामिनला अडवते. सर्दी-ॲलर्जीच्या जुन्या गोळ्यांनी जी पेंग यायची, तीच ही पेंग. शिवाय ती रक्तवाहिन्या योग्य तेवढ्या आवळून धरणारी यंत्रणाही सैल करते. त्यामुळं पडलेला माणूस एकदम उभा राहिला की बीपी खाली येतं आणि घेरी येते. झोप आणि घेरी एकाच गोळीत असतात.

या औषधांच्या घराण्याचा मूळपुरुष क्लोरप्रोमॅझिन. वडिलांच्या काळात आम्ही त्याला लार्गॅक्टिल या नावानं ओळखायचो. फ्रान्समध्ये 1950 च्या डिसेंबरात ते तयार झालं, ते ॲलर्जीवरच्या प्रोमेथाझिनच्याच कुळातून. लाबोरी नावाच्या शल्यचिकित्सकानं ते भुलेच्या जोडीला वापरलं आणि त्याच्या लक्षात आलं की माणूस शुद्धीवर राहूनही शांत होतो. मग 1952 मध्ये पॅरिसला दले आणि देनिकेर या दोघांनी ते मानसिक आजारांवर वापरलं, आणि वेड्यांच्या इस्पितळांचा इतिहास बदलला. पेंग हा या घराण्याचा आजोळचा गुण. आजार दुसराच असताना तेवढा एक गुण उचलायचा आणि बाकीचं अख्खं घराणं घरात आणून बसवायचं, असा माझा उद्योग चालला होता.

*

रात्री दहाला गोळी, साडेदहाला भूक. ही भूक जेवणाची नव्हती. पोट भरलेलं असायचं आणि हात डब्यात असायचा. तासगावात बेदाण्याचा डबा कुठल्या घरात रिकामा असतो? मूठभर बेदाणे, मग शेंगदाणे, मग दुपारची अर्धी भाकरी दुधात कुस्करून. सकाळी बायको विचारायची, "रात्री कोण जेवलं?" मला अर्धवटच आठवायचं. 2021 ला माझं वजन 68 किलो होतं, पुढच्या वर्षाच्या दिवाळीत 80. तीन महिन्यांची शुगर 6.9 आली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, "कोरोनानंतर सगळ्यांनाच शुगर निघायलीय." घोरणंही वाढलं होतं. त्याचं कारण मी वजनाला दिलं. वजनाचं कारण वयाला दिलं. वडिलांनाही शुगर होती, त्यामुळं रक्तालाही थोडा दोष देऊन झाला. गोळी तेवढी सुटली.

ही औषधं वजन, शुगर आणि चरबी वाढवू शकतात, हे काही गुपित नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं शुगरचा इशारा या वर्गातल्या सगळ्या नव्या औषधांवर 2004 च्या सुमारासच छापायला लावलाय. ज्यांना हे औषध खरंच लागतं त्यांचं वजन, कंबर, बीपी, उपाशीपोटी शुगर, कोलेस्टेरॉल ठरावीक काळानं मोजत राहावं, असं तिथल्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी ठरवून दिलं.

हे मोजणं म्हणजे काय, ते मी दर महिन्याला काउंटरच्या पलीकडं बघत होतो. एक बाई मुलाची औषधं न्यायला येतात. मुलगा स्किझोफ्रेनियाचा, एकेकाळी खोलीबाहेर यायचा नाही, आता शेतात भावाबरोबर काम करतो. त्याची गोळी माझ्याच गोळीची, पण चारशेची. बाईंच्या पिशवीत दरवेळी प्लास्टिकची फाइल असते: डॉक्टरांची चिठ्ठी, लॅबचे रिपोर्ट, वजनाचा तक्ता. एकदा त्या म्हणाल्या, "शुगर जरा वाढली म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलायचा विचार केलाय. तुमचं काय मत?" मी म्हणालो, "डॉक्टर सांगतील तसं करा." त्या दिवशी माझ्या खिशात तीच पट्टी होती आणि माझी शुगर त्यांच्या मुलापेक्षा जास्त होती. त्या मुलाला आजार होता म्हणून औषध होतं, आणि औषध होतं म्हणून लक्ष ठेवणारं माणूस होतं. मला आजार नव्हता, म्हणून लक्ष ठेवायलाही कुणी नव्हतं.

*

स्वतःपुरतं राहिलं असतं तर हा लेख निम्म्यावर संपला असता. पण जो उपाय आपल्याला मानवतो तो दुसऱ्याला सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि माझ्या पाठीमागं तर फळीच होती.

आमच्या भागात झोप उडायचा हंगाम ठरलेला आहे. ऑक्टोबरची छाटणी झाली की फळ निघेपर्यंत द्राक्षवाला आकाशाकडं बघत जगतो. नोव्हेंबरात अवकाळी आली की डावणी रोगाची भीती, फुलोऱ्यात आली की घड गळायची, मणी भरल्यावर आली की तडकायची. रात्री पावसाचा आवाज आला की माणसं बॅटरी घेऊन बागेत. अशातलाच एक ओळखीचा बागायतदार काउंटरला आला. "डोळ्याला डोळा नाही ओ. काहीतरी द्या." अल्प्राझोलाम मी त्याला दिली नसती, चिठ्ठी मागितली असती आणि तोऱ्यात सांगितलं असतं की नियम आहे. क्वेटियापिनची पट्टी मात्र मी कात्रीनं कापून पाच गोळ्या दिल्या.

त्यानं आतला माहितीचा कागदही मागितला. शिकलेला माणूस. दुसऱ्या दिवशी फोन : "यात ग्रेपफ्रूट खाऊ नका म्हणून लिहिलंय. आता तासगावात राहून द्राक्ष खायचं नाही म्हंजे काय?" मी हसून हसून बेजार झालो. त्याला समजावलं, ग्रेपफ्रूट म्हणजे द्राक्ष नव्हे, पपनसासारखं लिंबाच्या जातीतलं फळ. त्याच्या रसानं गोळी पचवणारं आतड्यातलं काम मंदावतं आणि रक्तात औषध वाढतं. हा किस्सा मी महिनाभर सांगत होतो. कागदावरच्या बाकीच्या इशाऱ्यांवर आमचं दोघांचंही बोलणं झालं नाही. त्यातला एक होता : गुंगी असेल तर वाहन चालवू नका. चौथ्या दिवशी पहाटे फवारणीला निघालेला त्याचा ट्रॅक्टर बागेच्या तारांत घुसला. दोन खांब वाकले, एक ओळ जमिनीला टेकली. माणूस वाचला. "डुलकी लागली जरा," तो म्हणाला. मी म्हणालो, "सुरुवातीला होतं. दोन दिवसांत सवय होईल."

हे वाक्य मला अजून झोपू देत नाही. पण तेव्हा त्यानं माझी झोप उडाली नाही. माझी झोप तेव्हा गोळीच्या ताब्यात होती.

*

काकू गेल्यापासून अप्पा रात्री जागे असायचे. अंगणात फेऱ्या मारायचे, मध्येच देवघरातला दिवा लावायचे. थोडं विसरायलाही लागले होते. चहा घेतलाय का, ते पुन्हा विचारायचे. वहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको, काळजीनं अर्धी झाली होती. 2022 च्या नोव्हेंबरात तिनं मला विचारलं, "भाऊजी, झोपेचं काही साधं औषध नाही का तुमच्याकडं?" साधं. मी हो म्हणालो. आधी पंचवीसची अर्धी, मग आठवड्यानं पूर्ण. अप्पा झोपायला लागले. वहिनीनं दुकानात डबाभर चकल्या पाठवल्या.

आता या घरातला खरा गुन्हा सांगतो. अप्पांच्या प्रोस्टेटची गोळी टॅम्सुलोसिन. तीही रक्तवाहिन्या आवळून धरणारी तीच यंत्रणा सैल करते आणि उठताना घेरी आणू शकते. शिवाय बीपीची दोन औषधं. त्यावर मी तिसऱ्या बाजूनं बीपी उतरवणारं औषध घातलं, तेही नेमकं रात्री, जेव्हा म्हातारा माणूस लघवीला अंधारात उठतो. ही चारही औषधं दर महिन्याला माझ्याच हातनं, एकाच पिशवीत जायची. पाटी लावलेला फार्मासिस्ट मी. कुणा गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर मी हे बघितलं असतं तर डॉक्टरांना फोन केला असता. पण ही चिठ्ठी माझी होती, आणि माझी चिठ्ठी तपासायला दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक असायला हवी होती. विसरभोळेपणाचा आजार असलेल्या वृद्धांना या वर्गातली औषधं दिल्यास मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा चौकटीतला कडक इशारा अमेरिकेत 2005 पासून आहे. तो ज्या चाचण्यांवरनं आला, त्यांत दहाएक आठवड्यांत नकली गोळी घेणाऱ्यांपैकी शंभरात अडीचच्या आसपास माणसं दगावली, खरी गोळी घेणाऱ्यांपैकी साडेचारच्या आसपास. अप्पांचा विसरभोळेपणा कोणता, हे कुणी तपासलंच नव्हतं. मी तर नाहीच.

जानेवारी 2023 मध्ये ते पडले.

गोळीमुळंच पडले का? वय होतं, अंधार होता, उंबरा होता, बाकीची औषधं होती. छातीवर हात ठेवून नाही सांगता येणार. पण कोर्टात लागतो तसला पुरावा स्वतःला दोषी ठरवायला लागत नाही.

*

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी अप्पा बरळायला लागले. सलाइनची नळी ओढायचे, काकूंना हाका मारायचे, रात्रभर डोळा नाही. डॉक्टर बाई वॉर्डात आल्या आणि नातेवाइकांना विचारायला लागल्या : दारू घेतात का? तंबाखू? झोपेची गोळी? घरी चालू असलेलं काही इथं अचानक बंद झालंय का? वहिनी माझ्याकडं बघायला लागली. मी बाईंच्या मागं व्हरांड्यात गेलो आणि नववं औषध सांगितलं.

त्या ओरडल्या नाहीत. थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "स्पायनल दिल्यावर बीपी भसाभस उतरलं, तेव्हा मी कारण दुसरीकडं शोधत होते. हे बरळणं या वयात ऑपरेशननंतर कशानंही होतं, पण हेही मला माहीत हवं होतं. तुम्ही गोळी दिलीत त्यावर मी काय बोलू! मला राग आलाय तो तुमच्या यादीचा. यादीच नसती तर मी घरच्या पिशव्या मागवल्या असत्या, चार प्रश्न जास्त विचारले असते. इतकी नीट यादी बघून मी विचारणं थांबवलं."

माझ्या सुवाच्य अक्षराचं कौतुक असं परत आलं.

त्या का गप्प राहिल्या आणि मी का लपवलं, यावर मी नंतर बराच विचार केला. लायसन्सची भीती होती, खोटं का बोलू. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. अप्पांच्या यादीत ते नाव लिहिलं असतं तर माझ्या यादीतही लिहावं लागलं असतं. मी अप्पांना वाचवत नव्हतो, स्वतःलाही नाही. मी गोळीला वाचवत होतो. सवय न लागणाऱ्या गोळीला.

*

घरी आल्यावर मी ती एका झटक्यात बंद केली. प्रायश्चित्त घेतल्याच्या आवेशात. पहिली रात्र जागा, दुसरी जागा, मळमळ, घाम, पाय सारखे हलवावेसे वाटणं. पाचव्या रात्री दोनला उठून दुकानाची किल्ली घेतली, शटर अर्धं वर केलं आणि आत वाकून शिरलो. मोबाइलच्या उजेडात फळीवर पट्टी शोधणारा माणूस मी अनेकदा सिनेमात पाहिला होता, तो व्यसनी असायचा.

त्यानंतर मात्र सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडं गेलो. "दीड वर्षानं एकदम सोडल्यावर झोप उडणारच, मळमळ होणारच. त्यावरनं तुम्ही ठरवलंत की गोळीशिवाय आपल्याला झोपच येत नाही. अशानंच ती सुटत नाही," ते म्हणाले. साडेतीन महिन्यांत त्यांनी ती थोडी थोडी करून उतरवली. त्यांच्याकडनंच कळलं की अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 2013 मध्येच सांगून ठेवलंय : प्रौढांच्या निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून ही औषधं सरसकट लिहू नका. हेही कळलं की क्वेटियापिनच्या मूळ कंपनीनं, ॲस्ट्राझेनेकानं, 2010 मध्ये अमेरिकेत 52 कोटी डॉलर भरून एक प्रकरण मिटवलं होतं. मान्यता नसलेल्या वापरांसाठी, त्यात झोप न येण्यासाठीही, डॉक्टरांपुढं औषध रेटल्याचा तो आरोप होता. कंपनीनं तो कबूल केला नाही. काउंटरवर टेकलेल्या कोपराची मला आठवण झाली. पण मी डॉक्टर नव्हतो, माझ्यापुढं कुणी ते रेटायचीही गरज पडली नाही.

गोळी उतरत असताना झोपेवरचा खरा उपचार सुरू झाला. त्यात औषध नव्हतं, म्हणून मला आधी तो उपचारच वाटला नाही. 2016 पासून अमेरिकन डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेचा सल्ला आहे की जुन्या निद्रानाशावर पहिल्यांदा हाच द्यावा : झोपेच्या सवयी आणि झोपेबद्दलचे विचार बदलण्याचा. मला एक वही घालून दिली. किती वाजता पडलो, किती वाजता झोपलो, कितीदा उठलो. दोन आठवड्यांची सरासरी निघाली साडेपाच तास. मग अंथरुणात राहायचं तेवढंच. रात्री बारा ते साडेपाच. उठायची वेळ एक मिनिट हलवायची नाही. वीसेक मिनिटांत झोप नाही आली तर उठून बाहेर बसायचं. दुपारी तीननंतर चहा नाही. मेडिकलवाल्याला चहा नाही, म्हणजे काय ते धंद्यातल्यांना विचारा. पहिले पंधरा दिवस मी दुकानात उभ्यानं पेंगत होतो, एकदा सुट्ट्या पैशांऐवजी कफ लॉझेंजेस मोजून दिली. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री बारा वाजायची वाट बघवेना इतकी झोप आली. ती माझी होती. तोंडाला कोरड नव्हती.

आता सहा तास झोपतो. महिन्यातनं दोन-चार रात्री वाईट जातात. वजन 74 वर आलं, शुगर 6.2. ती सगळी उतरेल असं डॉक्टर म्हणत नाहीत.

*

वहिनीला मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "मीच तर मागितलं होतं ना तुमच्याकडं." तिनं अर्धा दोष स्वतःकडं ओढला, आणि ते मला फार लागलं, कारण तो अर्धा तिचा नव्हताच. तिनं साधं औषध मागितलं होतं. साधं काय, हे ठरवायचं काम माझं होतं.

अप्पांना सांगायला मला आणखी दोन महिने लागले. ते वॉकर धरून अंगणात उन्हाला बसले होते. मी सगळं सांगितलं, गोळीचं नाव, ती कशासाठी असते, यादीतनं गाळली तेही. ते बराच वेळ वॉकरच्या रबरी पायाशी बोटानं खेळत राहिले.

"मला वाटायचंच काय तरी येगळंय," ते म्हणाले. "गोळी घेतली की तुझी काकू यायची बंद झालती."

मला कळलं नाही.

"अरं, रात्री जागा असलो की ती हाय असं वाटायचं. दिवा लावायचो तिच्यासाठनंच. तुम्हाला वाटलं म्हाताऱ्याला झोप न्हाई." थोडं थांबून म्हणाले, "इचारायचं तरी लेका."

तीस वर्षांत मी काउंटरवरनं हजारो लोकांना विचारलं असेल : किती गोळ्या देऊ? जागं राहून काय करता, हे एकालाही विचारलं नव्हतं.

आता दुकानात एक जादा वही आहे. कायद्यानं ती लागत नाही. क्वेटियापिन, ओलांझापिन असली कुठलीही गोळी गेली की मी त्यात एच-वनच्या धर्तीवर नोंद करतो. चिठ्ठी नसेल तर गोळी जात नाही. द्राक्षवाला परवा आला होता, त्यालाही नाही म्हणालो. तो म्हणाला, "आता कसले नियम?" मी त्याला आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि सांगलीच्या डॉक्टरांचा पत्ता लिहून दिला.

वहीच्या पहिल्या पानावर दोन जुन्या नोंदी मी मागाहून केल्यात. पहिल्या ओळीत पेशंट म्हणून माझं नाव आहे, दुसरीत अप्पांचं. औषध, डोस, तारीख, सगळं व्यवस्थित, सुवाच्य अक्षरात. डॉक्टरांच्या नावाचा रकाना दोन्ही ओळींत मोकळा आहे.